गुळगुळीत फोन आणि बावीस पायऱ्या

तीर्थस्वरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (टेबलाशी बसून लिहितेय, त्यामुळे वाकलेली आहेच, तरी नमस्कार वेगळा धरावा.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा कसा आहे तेही कळव. मागच्या वेळी मी फक्त उजव्याची चौकशी केली, तर तू म्हणालीस की डाव्याचं या घरात कुणाला पडलेलंच नाही. ते मला इतकं लागलं, की त्यानंतर आठवडाभर मी भेटेल त्याच्या दोन्ही गुडघ्यांची चौकशी करत होते. इकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य लिहून पाच मिनिटं थांबले. ते खरं नाही, आणि पहिल्याच परिच्छेदात तुला खोटं लिहिणं बरं दिसत नाही.) तेव्हा असं म्हणते: इकडे सगळ्यांची तब्येत ठीक आहे, मी एक नवा फोन घेतला, आणि त्यापायी आजोबांचं जे होऊन बसलंय ते मला निस्तरता येत नाहीये.

फोनवरच का नाही सांगितलं, असं तू विचारशील. तुझा फोन आला की आई तो स्पीकरवर टाकते, बाबा त्यात मधून मधून बोलतात, आणि आजोबा खिडकीपाशी बसून सगळं ऐकतात. हे त्यांच्या कानावर जायला नको. म्हणून पत्र. काही गोष्टी तुला माहीत असलेल्याही लिहीन, रागावू नकोस. चुकून शेजाऱ्याच्या हाती पडलं तरी त्याला अथपासून इतिपर्यंत कळावं, असं पत्र असावं, हे तुझ्याच वडिलांनी मला शिकवलंय. नऊ वर्षांची होईपर्यंत माझ्या दम्यामुळे मला शाळेत घातलं नव्हतं; माझी शाळा म्हणजे आजोबांचं टेबल. ज्या माणसाने चौतीस वर्षं टायपिंगचे वर्ग चालवले, त्याच्या शाळेत आधी समास सोडायला शिकवतात आणि मग अक्षरं.

त्याच शाळेत मी हेही शिकले, की कुठलीही वस्तू घेण्याआधी ती का घ्यायची ते एका वाक्यात लिहावं. वाक्यात 'आणि' आला तर समजावं, की दोन्ही कारणं लंगडी आहेत. मी तीन महिने वाक्यं लिहिली. शेवटी जमलेलं वाक्य असं: 'दातांचा रंग खरा दिसावा म्हणून.' यात 'आणि' नाही. आमच्या कारखान्यात (शेजाऱ्यासाठी: आम्ही दातांच्या डॉक्टरांना कृत्रिम दात आणि कवळ्या करून देतो) दाताचा आकार कुणीही साधतो, खरा जीव जातो तो रंगात. सोळा छटांची एक पट्टी असते. ती पेशंटच्या दाताशेजारी धरायची, फोटो काढायचा, आणि त्याबरहुकूम दात भाजायचा. माझ्या जुन्या फोनला सगळी माणसं काविळीची दिसत. त्यामुळे मला नवा फोन खरोखरच हवा होता. पण आत्या, ते वाक्य अपुरं होतं. पूर्ण वाक्य असं, की मेणात दातांचे नमुने घडवणारी जी मुलगी माझ्या शेजारी बसते, तिने नवा फोन घेतल्यापासून डॉक्टर तिच्या फोटोंना 'वा' म्हणत आणि माझ्या फोटोंना 'पुन्हा पाठवा' म्हणत. हा 'आणि' मी गिळला.

दीड महिन्याचा पगार मोजला आणि फोन आणला. दुकानदार म्हणाला, जुना द्या, एवढे कमी करतो. मी म्हटलं, देता येणार नाही, आमच्याकडे उतरणी आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. (शेजाऱ्यासाठी: आमच्या घरात वस्तू टाकत नाहीत, विकत नाहीत, ती एकेक पायरी खाली उतरते. वरच्याचं खालच्याला, खालच्याचं त्याच्या खालच्याला, आणि सगळ्यात शेवटी जे उरतं ते आत्याच्या लोखंडी कपाटात. मधल्या कुणी 'मला नको' म्हटलं तर सगळंच अडतं, म्हणून कुणी म्हणत नाही. हा नियम कुणी केला, ते पत्राच्या वरच्या ओळीत लिहिलेलं आहे. हा टोमणा नाही.) तर माझा फोन आईकडे गेला, आईचा बाबांकडे, बाबांचा आजोबांकडे, आणि आजोबांचा बटणांचा काळा फोन बाबांनी तुझ्याकडे आणून दिला. फोन घेतला मी एकीने, आणि त्या आठवड्यात घरातल्या चार माणसांना आपापला फोन ओळखू येईनासा झाला.

आईचं असं झालं, की माझे दोन हजार फोटो त्या फोनमध्ये राहून गेले. फोनला मधूनच उमाळा येतो, आणि तो 'आजच्या दिवशी, दोन वर्षांपूर्वी' असं म्हणून संथ संगीतावर जुन्या आठवणी दाखवतो. आईने ते कौतुकाने शेजारणीला दाखवायला घेतलं, तर व्हायोलिनवर एकामागून एक कवळ्या. (शेजारीण म्हणाली, "फारच मोठं कुटुंब हो तुमचं.") बाबांचं असं झालं, की आईने अक्षरं मोठी करून ठेवली होती. एवढी मोठी, की पडद्यावर एका वेळी चारच शब्द मावतात. त्यांच्या साहेबांनी निरोप पाठवला, 'उद्या सुट्टी देता येणार नाही.' बाबांना दिसलं, 'उद्या सुट्टी देता येणार', आणि ते दुसऱ्या दिवशी घरीच बसले. यावर आम्ही पोट धरून हसलो. आता लिहिताना हसू येत नाही, कारण हसताना आमचं कुणाचंच आजोबांकडे लक्ष नव्हतं.

त्यांना विचारलं की ते म्हणत, "उत्तम आहे. गुळगुळीत आहे." आम्हाला ते कौतुक वाटलं.

आत्या, त्यांच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे. समोरच्या माणसाच्या कडा दिसतात, चेहरा दिसत नाही. पण बोटांना डोळे लागत नाहीत. त्या काळ्या फोनच्या पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा होता. त्यावर अंगठा टेकला की बाकीचा फोन त्यांना पाठ होता. रोज दुपारी एक वाजता मी हात धुऊन डबा उघडायच्या बेतात असायची, आणि निरोप यायचा: 'जेवण झाले असल्यास कळवावे. नसल्यास प्रथम जेवावे.' पूर्णविरामासकट. सहा वर्षांत एकही पूर्णविराम सुटला नाही. माझं उत्तर त्यांना वाचता येत नसे, म्हणून मी रिंग देत असे. एक रिंग म्हणजे जेवले, दोन म्हणजे बसतेय. तीन म्हणजे आज काहीतरी बिनसलंय, संध्याकाळी बोलू. तिसरी रिंग ऐकली की ते संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे.

नवा फोन आला, म्हणजे बाबांचा जुना, आणि निरोप थांबले. पहिल्या दिवशी वाटलं, झोप लागली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, चार्ज नसेल. (चिंता करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या आठवड्यात मी ती सगळी नव्या फोनवर ओरखडा पडू नये यात खर्च केली होती. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.) मी त्यांना दाखवलंही, की या फोनशी नुसतं बोललं तरी तो लिहून घेतो. ते म्हणाले, "बोलायचं ते मी बोलतोच की तुझ्याशी. लिहायचं ते लिहायचं असतं." आणि सहाव्या दिवशी बरोबर एक वाजता निरोप आला: 'जेवलीस का? ओके डिअर', आणि पुढे तीन लाल बदाम.

मी जागच्या जागी उडाले. मेणवाल्या मुलीला दाखवलं, आईला कळवलं. आजोबा शिकले! एक्क्याऐंशीव्या वर्षी! दुसऱ्या दिवशी गुलाबाचं फूल आलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा बदाम. ज्यांनी मला उद्गारचिन्ह जपून वापरायला शिकवलं, ते एका ओळीत चार उद्गारचिन्हं टाकायला लागले. मला शंका यायला हवी होती. पण आपल्या हातून काही वाईट झालं नाही, असं जिथे ठरत असेल तिथे माणूस शंका घेत नाही. उलट मी ठरवलं, की एवढ्या मोठ्या पडद्यावर त्यांना वाचताही येत असणार, आणि रिंगा सोडून लांबलचक उत्तरं लिहायला लागले. सगळं लिहायची. मास्तरांना (हे आमच्या कारखान्याचे मालक; भट्टीपुढे उभे असले की देवालाही भीत नाहीत) मी काय म्हणते, मेणवालीबद्दल मला काय वाटतं, सगळं.

त्यातच एक निवृत्त मुख्याध्यापिका रंग बघायला आल्या. समोरचा वरचा दात. मी त्यांना खिडकीपाशी बसवलं, पट्टी धरली, नव्या फोनने झकास फोटो काढला, आणि त्यावरून दात केला. दात बसवून झाला आणि डॉक्टरांनी मला फोटो पाठवला. आत्या, त्या तोंडात कुणीतरी दिवा लावल्यासारखं दिसत होतं. मग मला कळलं, की हा फोन चेहरा दिसला की आपण होऊन तो उजळ करतो. माणसं खूश व्हावीत म्हणून. त्याने बाईंचे सगळे दात दोन छटा पांढरे करून दाखवले, आणि मी त्या खुशामतीवर विश्वास ठेवून दात भाजला. जुना फोन निदान सगळ्यांना सारखाच पिवळा दाखवायचा. त्याच्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी प्रत्येक दात पुन्हा डोळ्यांनी तपासायची. मास्तरांना सांगायची हिंमत झाली नाही. मी एकट्या आजोबांना लिहिलं: 'मोठी चूक झाली. मुख्याध्यापिकाबाईंचा दात माझ्यामुळे पांढराफटक झाला. मास्तरांना अजून कळलेलं नाही, कळलं तर माझी धडगत नाही. तुम्ही कुणाला सांगू नका.'

वीस मिनिटांत मास्तर कारखान्यात आले. अर्धी दाढी केलेली, अर्ध्यावर फेस, गळ्यात सलूनचा टॉवेल. ते सरळ माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "कुणाला सांगू नका, असं लिहिलंस ना? खुर्चीतल्या चौघांनी आणि बाकावरच्या तिघांनी शपथ घेतलीये. मीही घेतली असती, पण तोंडात फेस होता."

मला काहीच उमजेना. मग त्यांच्या बोलण्यातून एकेक उमजायला लागलं. आपल्या घराखालच्या सलूनमध्ये मास्तर दर गुरुवारी दुपारी दाढीला जातात. आणि आजोबा रोज दुपारी एकला, घरात कुणी नसताना, भिंतीला हात लावत बावीस पायऱ्या उतरून त्याच सलूनमध्ये जात होते. सलूनवाले मामा हातातली कात्री ठेवून त्यांचा निरोप टाईप करत, आणि माझं उत्तर आलं की दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवत. पंधरा दिवस तिथली गिऱ्हाईकं मला घरच्यासारखी ओळखत होती. (एकाने माझ्यासाठी दम्याचं औषध लिहून ठेवलंय. दुसऱ्याचं मत पडलं, की मेणवाली मुलगी मनाने वाईट नाही, मीच तिला समजून घ्यावं.)

मी मास्तरांना म्हटलं, "चुकले. दात मी पुन्हा करून देते." ते म्हणाले, "दात होईल गं पुन्हा. मला सांगायला तुला गुरुवारच लागावा, एवढा मी वाईट आहे का?" आणि टॉवेलने दुसरा गाल पुसून, अर्धी दाढी तशीच ठेवून, भट्टीकडे गेले. दात मी दुसऱ्या दिवशी उघड्या डोळ्यांनी रंग पाहून केला. बाईंना मात्र पहिलाच हवाय. म्हणतात, या वयात एक तरी गोष्ट उजळ असू दे. पण ते त्यांचं.

त्या संध्याकाळी घरी आले तर आजोबा खिडकीपाशी बसले होते आणि मी आल्याचं त्यांना कळलं नाही. फोन त्यांच्या तळहातावर होता. अंगठा काचेवर फिरत होता. वर, खाली, मग मधोमध थांबत होता. ते तो उंचवटा शोधत होते. पडदा विझला होता, तेही त्यांना दिसत नव्हतं. मी दारातच मुद्दाम चपलांचा आवाज केला. त्यांनी फोन खिशात टाकला. "कसा आहे फोन?" मी विचारलं. (का विचारलं, देव जाणे.) "उत्तम," ते म्हणाले. "आज जिन्यात दिवा नव्हता का गं?" म्हणजे त्या दिवशी ते जिन्यात अडखळले होते. कोपरावर खरचटलेलं होतं. मी औषध लावलं. त्यांनी ते कशाने झालं ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. खोटं न बोलणारी दोन माणसं समोरासमोर बसून किती खोटं बोलू शकतात, ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा फोनची किंमत काय पडली, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू? दुकानात जी दिली ती किंमतच नव्हती. ती तर नुसती सुरुवात. बावीस पायऱ्या उतरायच्या आणि बावीस चढायच्या, तेही न दिसणाऱ्या डोळ्यांनी, रोज, मी जेवले की नाही एवढं विचारण्यासाठी. आणि ज्या माणसाने हजारभर मुलांना न बघता लिहायला शिकवलं, त्याला 'जेवलीस का' एवढ्यासाठी दुसऱ्याचा अंगठा मागावा लागावा. 'मला हा जमत नाही' असं ते म्हणणार नाहीत, कारण तसं म्हटलं तर बाबांना फोन परत घ्यावा लागेल, बाबांचा आईला, आईचा मला, आणि मग नवा फोन कुणाचा, हा प्रश्न उभा राहील. माझी हौस राहावी म्हणून ते जिना उतरतात. मी ते वाक्य लिहिलं तेव्हा त्यात एक 'आणि' गिळला होता. तो आता रोज दुपारी एक वाजता वर येतो.

बाकी सर्व क्षेम. आईने तुला नमस्कार सांगितला असता, पण तिला हे पत्र माहीत नाही. डाव्या गुडघ्याची खरोखर काळजी घे.

तुझी भाची

ता. क. १ : आता मुख्य मुद्दा. तो पत्रात यायला हवा होता, पण तिथे लिहायला धीर झाला नाही. आत्या, तो काळा फोन तुझ्या कपाटात असेल तर परत पाठव. उतरणीतली वस्तू वर चढत नाही, हे मला माहीत आहे. आजवर एकही चढलेली नाही, माझा फ्रॉकसुद्धा नाही. पण नियम तुझा आहे, म्हणून मोडायचा तर तूच मोडू शकतेस. शिवाय एक छोटंसं खोटं बोलशील का? 'मला याची बटणं सापडत नाहीत, तुम्हीच वापरा' असं त्यांना फोनवर सांग. स्पीकरवर सांगितलंस तरी चालेल. माझं नाव मध्ये आणू नकोस.

ता. क. २ : पाकीट चिकटवायला घेतलं आणि चिकटवता येईना. ज्यांच्याबद्दल तीन कागद लिहिले त्यांना न सांगता ते पाठवणं म्हणजे सलूनमध्ये वाचून दाखवण्यासारखंच झालं. म्हणून आत्ता आजोबांना सगळं पत्र वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, परिच्छेद फार लांब आहेत, कंस निम्मे कमी कर, आणि कागद घे, मी सांगतो ते लिही.

ता. क. ३ (मजकूर आजोबांचा, अक्षर माझे) : चि. मुलीस अनेक आशीर्वाद. फोन पाठवावा. चार्जर विसरू नये. खोटे बोलण्याची गरज नाही. मला बटणे सापडतात, हेच कारण पुरेसे आहे. नातीने नवा फोन ठेवावा, तो तिच्या कामाचा आहे. मात्र त्यावर दातांचे फोटो काढू नयेत. सलूनमध्ये जाणे मी बंद करणार नाही. तिथे मंडळी चांगली आहेत. फक्त यापुढे सकाळी जाईन, कुणाचा तरी हात धरून. सलूनवाल्यांबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. 'ओके डिअर' त्यांचे. गुलाबाचे फूलही त्यांचे. बदाम मी सांगून घालायला लावत होतो. माझ्या जुन्या फोनमध्ये ते नव्हते.